मुख्य व्यवसाय : शेती

आमच्या गावाला आदर्श व्हायचं होतं आणि त्यासाठी फक्त एका पुस्तिकेची कमतरता होती. बाकी सगळं तयार होतं. कमान होती. कमानीवर गावाच्या नावापेक्षा मोठे फोटो होते. सेल्फी काढायला बदामाच्या आकाराची लोखंडी चौकट होती. स्मशानभूमीला नुकताच आकाशी रंग दिला होता. पण स्पर्धेच्या नियमावलीत ‘गावाची लोकसंख्या व उपजीविका यांची माहिती देणारी पुस्तिका’ असं एक कलम निघालं आणि लिहिणारा माणूस गावात सापडेना. म्हणून माझा चुलतभाऊ, जो दोनदा सरपंच होता आणि तिसऱ्यांदा होणार आहे, पुण्यात मंडईमागच्या आमच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

“दादा, तुझं सगळं आयुष्य पुस्तकात गेलं,” तो म्हणाला. “एक आमच्यासाठी लिही की.”

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आयुष्य पुस्तकात जाणं आणि पुस्तकांवर नंबर चिकटवण्यात जाणं यांत फरक असतो. पण पेढे आणणाऱ्याला तो समजावून सांगायचा नसतो.

बायकोनं आतून विचारलं, “पुस्तकावर नाव कुणाचं येणार?”

“वहिनी, म्हणजे काय! संकलन म्हणून दादाचंच.”

“आणि फोटो?”

भाऊ नुसता हसला. फोटोचं आधीच ठरलं होतं.

मी हो म्हणालो. गावासाठी काहीतरी करावं असं मला कधी फार वाटलं नव्हतं, पण निवृत्तीनंतर कुणी काही लिहून मागत नाही, हे खरं कारण. त्यानंतरचे चार रविवार मी बसनं लोणी काळभोरच्या अलीकडे उतरलो, महामार्ग सोडून आत चालत गेलो आणि घरोघर फिरलो. माझ्या तक्त्यात तीनच रकाने होते. कुटुंबप्रमुख, घरातली माणसं, व्यवसाय.

पहिलंच घर तीन मजली. खाली हार्डवेअरचं दुकान, वर कॉलेजची मुलं. मालक दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मुलांच्या गाड्या मोजत होते.

“व्यवसाय?”

“शेती.”

“आणि ह्या वरच्या खोल्या?”

“त्या हायत.”

“भाड्यानं दिल्यात ना?”

“दिल्यात की. पण व्यवसाय शेतीच लिव्हा.”

“शेतात शेवटचं कधी गेला होतात?”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सर, माहिती घेताय का जबाब?”

पुढच्या घरी पाण्याचे चार टँकर उभे होते. शहरातल्या सोसायट्यांना पाणी पुरवणं हा त्यांचा धंदा, पण व्यवसाय शेतीच. “विहीर शेतातलीच हाय ना? मग झालं तर.” त्याच्या पुढच्यांचं लग्नाचं कार्यालय होतं, मोकळ्या हिरवळीवरचं. “लॉन म्हंजे तरी काय? गवतच. लावलंय, पाणी घालतोय, उगवतंय. लिव्हा शेती.” एकांचा जेसीबी होता. ते म्हणाले, तो जमिनीतच चालतो.

एका घरी मुलाच्या लग्नाचं जमवणं चाललं होतं. मुलाची माहिती टाईप केलेला कागद टीपॉयवरच पडला होता. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय : उद्योजक’ असं होतं. मी तिकडे बोट दाखवलं तर गृहिणीनं कागद उचलून फळीवर ठेवला. “ते पोरीवाल्यांसाठी, भावजी. शेतकऱ्याला पोरगी देतंय का कुणी? तुमच्या कागदावर शेतकरीच लिव्हा. नाहीतर उद्या कुठं दुसरीकडं जमीन घ्यायची म्हटलं तर शेतकरी असल्याचा दाखला कोण देणार?”

हे मात्र खरं होतं. शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. त्यामुळे आमच्या गावात माणूस जमीन विकून फ्लॅट घेतो, फ्लॅटवर गाडी घेतो, आणि चार गुंठे मागे ठेवतो ते शेतकरीपणासाठी, जसं काही लोक घरात एक बंद पडलेला रेडिओ ठेवतात.

लोकसंख्येचाही असाच घोळ. पाण्याची मोठी योजना मागताना गावानं सगळे भाडेकरू मोजले होते. कारखान्यांतले कामगार, कॉलेजची मुलं, गोदामातले हमाल. आता स्पर्धेत ‘लहान गाव’ असा एक गट होता आणि त्यात बक्षिसाची आशा जास्त होती, म्हणून भाडेकरू वगळायचे होते. “ते काय आपले हायत?” भाऊ म्हणाला. “आज हायत, उद्या न्हाईत.” मी भाडेकरू वगळले. ही मी केलेली पहिली तडजोड, आणि ती करताना मला काहीच वाटलं नाही. आकड्यांच्या बाबतीत माणूस लवकर निर्ढावतो.

पण एक गोष्ट मला छळत होती. घरांच्या मागे खरोखरच रान होतं, आणि ते हिरवंगार होतं. कोथिंबीर, मेथी, पालक, कडेला थोडी शेवंती. कुणी तरी ते करत होतं. मी प्रत्येक घरी विचारलं, हे कोण पिकवतं? उत्तर एकच. “आपलंच हाय.” पिकवतं कोण? “होतंय की.” तरीही कोण? “माणूस ठेवलाय.”

तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की सगळ्यांनी ठेवलेला माणूस एकच आहे.

विहिरीजवळ पत्र्याची एक खोली होती. मी तिच्यावरून अनेकदा गेलो होतो आणि मला ती पंपाची खोली वाटली होती. बाहेर एक पस्तिशीची बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. मूठभर उचलायची, मुळं जमिनीवर आपटून सारखी करायची, केळीच्या ओल्या सालपटाची पट्टी दोनदा फिरवायची आणि जुडी बाजूला टाकायची. वर न बघता ती म्हणाली,

“तुमी मोजनी करून रायले न जी?”

“हो. गावाची माहिती लिहितोय.”

“मंग आमचं घर कावून नाई लिवत? चार येळा समोरून गेले तुमी.”

ती आणि तिचा नवरा यवतमाळकडचे. नवरा माल घेऊन मार्केट यार्डात गेला होता. अकरा वर्षं ते याच खोलीत राहत होते. मुलगी इथंच जन्मली, इथल्याच शाळेत जात होती. तिनं सांगितलेली अडचण अगदी साधी होती. रेशनकार्डावर तिचं नाव अजून सासऱ्याच्या गावी होतं. “तिकडं आमी रायत नाई, आन इकडं आमी हाओ असं कोनी लिवून देत नाई. ज्याले मागावं तो मनते, दुसऱ्याकडून घ्या. एक कागद पायजे नुसता. इथं रायतात म्हनून.”

मी जमिनीवर बसलो आणि तक्ता काढला. कुणाकुणाचं रान करता, असं विचारल्यावर तिनं विळ्याच्या टोकानं दाखवायला सुरुवात केली.

“ते आंब्याजवळचं सरपंचाचं. त्याच्या बाजूचं टँकरवाल्याचं. ते लांब दिसते ते लॉनवाल्याचं. आन ते बांधाखालचं, तीस गुंठे, ते पुन्याच्या सरचं. ते कदी येत नाईत. चांगले हायत मनते.”

“ते मीच.”

तिनं पहिल्यांदा मान वर केली. “आसन मंग चांगले,” ती म्हणाली आणि पुढची मूठ उचलली.

दर वर्षी ज्वारीचं एक पोतं आणि कांदे आमच्या घरी येतात. आमचं रान भाऊच बघतो आणि तोच ते पाठवतो असं आम्ही समजत होतो. नोकरीत असताना कुठलंही पुस्तक हातात आलं की ते कुणी लिहिलं हे मी आधी बघत असे. ज्वारीच्या बाबतीत मला ती सवय लागली नव्हती.

मी तक्ता भरला. माणसं तीन. व्यवसाय शेती. त्याखाली मी लिहिलं की हे कुटुंब अकरा वर्षांपासून गावात राहतं आणि पुढील मालकांची जमीन वाट्यानं कसतं. मग मालकांची यादी, आणि प्रत्येकापुढे जमिनीचा गट नंबर, कारण यादी अपुरी ठेवणं माझ्या हातून होत नाही. माझ्या स्वतःच्या तीस गुंठ्यांचाही नंबर मी त्यात घातला आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर थोडा खूषही झालो. खाली सही केली, तारीख टाकली. तिला वाचून दाखवलं.

“ते ‘व्यवसाय शेती’ तेवढं परत वाचा जी.”

मी परत वाचलं. तिनं कागद मागितला. मी म्हणालो, पुस्तिकेचं काम झालं की देतो, यावरून मजकूर करायचाय. ती बरं म्हणाली. मुलगी खेळून घरी यायची वेळ झाली होती, तिनं जुड्या ओल्या पोत्याखाली झाकल्या आणि चूल पेटवायला आत गेली.

पुस्तिकेचा मजकूर वाचायला मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सभा भरली. पुढे सतरंजीवर गावच्या समितीचे सात जण. गावाचा इतिहास वाचला तेव्हा माना डोलल्या. लोकसंख्या वाचली तेव्हा कुणी ऐकलं नाही. मग मी उपजीविकेचं प्रकरण काढलं. ‘गावात पिकणारी जवळजवळ सगळी भाजी यवतमाळकडून आलेलं एक कुटुंब गेली अकरा वर्षं पिकवत आहे,’ असं त्याचं पहिलं वाक्य होतं. मला ते वाक्य आवडलं होतं. लोक थोडे ओशाळतील, मग हसतील, असा माझा अंदाज होता. मी पुढे मालकांची नावं आणि नंबर वाचत गेलो आणि मंडपात इतकी शांतता झाली की मला वाटलं, परिणाम होतो आहे.

लॉनवाले पहिल्यांदा बोलले. “सर, हे छापून कुणाकुणाकडं जाणार?”

“स्पर्धेच्या समितीकडे. जिल्ह्याला. ग्रंथालयांना.”

“म्हंजे सरकारला. अकरा वर्षं कसत्यात, हे सरकारला लिवून देताय तुम्ही. गट नंबरासकट.”

“अहो, खरं आहे ते.”

“खरं हाय म्हणूनच विचारतोय!”

टँकरवाले उभेच राहिले. “कूळ लावून देताय का आमच्या रानाला? आँ? गावचा माणूस म्हणून बोलावलं, आन हा तर कूळ लावून देतोय!”

मग सगळे एकदम बोलायला लागले. दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणून एकदा कागदावर नाव आलं की तो माणूस उद्या कूळ म्हणून हक्क सांगतो आणि जमीन त्याची होते, ही भीती आमच्या गावात साप आणि विजेच्या भीतीपेक्षा जुनी आहे. आणि ती फुकाची नाही. मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या आजोबांना जमीन अशीच मिळाली होती. ती सगळी रानं पूर्वी पुण्याच्या पेठेतल्या एका मालकाची होती. तो कधी गावात आला नाही, आणि कसणाऱ्यांची नावं कागदावर लागली. माझ्या तीस गुंठ्यांचाही इतिहास तोच. पुस्तिकेच्या इतिहासाच्या प्रकरणात मी तो मोठ्या अभिमानानं लिहिला होता, ‘कसेल त्याची जमीन’ वगैरे, आणि दहा मिनिटांपूर्वी त्यावर माना डोलल्या होत्या.

भाऊ आवाज न चढवता म्हणाला, “दादा, ते पान काढ.”

“मी खोटं छापणार नाही.”

“नको छापू. असं कर, तुझ्या तीस गुंठ्यांपुरतं खरं छाप. आमची नावं काढ, तुझं राहू दे. हे कुटुंब अकरा वर्षं माझं रान कसतंय, असं लिही आणि सही कर. आम्ही काय बोलणार न्हाय.”

सात जण माझ्याकडे बघत होते. बायको नेहमी म्हणते की मला वेळेवर उत्तर सुचत नाही. त्या दिवशी सुचलं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. बांधाखालच्या त्या तुकड्याला आता रस्ता लागणार आहे आणि भाव चढणार आहे, असं भाऊ दिवाळीत म्हणाला होता.

मी ते पान काढलं. त्या जागी भावानं सांगितलेलं वाक्य आलं, ‘गावाचा मुख्य व्यवसाय शेती हा असून येथील शेतकरी प्रगतिशील आहे.’ मूळचा तक्ता मात्र मी फाडला नाही. घडी करून पिशवीत ठेवला आणि पुण्याला आणला.

पान काढून भागलं नाही. एवढ्या वर्षांचा हिशेब एकदा मोठ्यानं वाचला गेला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. दुसऱ्याच दिवशी त्या दोघांना रान मोकळं करायला सांगितलं. नवऱ्यानं उभी कोथिंबीर निघेपर्यंत मुदत मागितली. ती दिली नाही, कारण मुदत दिली तर तोही पुरावा होईल, असं कुणाच्या तरी वकील जावयानं सांगितलं होतं. खोलीचे पत्रे काढले, जेसीबी घरचाच होता. हे सगळं मला भावानं फोनवर सांगितलं, शेवटी “तू मनाला लावून घेऊ नको” असंही म्हणाला. मी म्हणालो, बरं.

स्पर्धेची समिती आली तेव्हा मला लेखक म्हणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. फेटा, शाल, नारळ. खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती आणि मागे मोठे बो बांधलेले होते, खुर्च्यांचंच लग्न असल्यासारखे. भाषणं झाल्यावर समितीतल्या एका गृहस्थांनी प्रत्यक्ष शेतात शेतकऱ्यांना भेटायची इच्छा व्यक्त केली. समित्या अशी इच्छा व्यक्त करू शकतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग गावचे ते सात जण इस्त्रीच्या कपड्यांत आणि फेट्यांत कोथिंबिरीत जाऊन उभे राहिले. काढणीला कुणी नसल्यानं कोथिंबीर जून होऊन फुलली होती, सगळ्या रानावर पांढरा तुरा.

“ही कुठली फुलं?” गृहस्थांनी विचारलं.

“एक्स्पोर्टची,” टँकरवाले म्हणाले.

गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. फोटोसाठी एक जुडी बांधून दाखवा म्हटल्यावर भावानं दोन मुठी उपटल्या, मुळांची माती इस्त्रीच्या लेंग्यावर उडाली, बांधायला काही मिळेना तेव्हा कुणीतरी खुर्चीचा बो सोडून आणला. त्या जुडीचा पुष्पगुच्छ झाला आणि तोच गृहस्थांना देण्यात आला. गावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ‘शेतीनिष्ठ ग्रामस्थ’ असा त्यांच्या अहवालात शब्द आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी दाराची कडी वाजली. बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, “अहो, तुमच्याकडे आल्यात.”

ती बाई होती. जिना चढून दमली होती. मी पत्ता कुठून मिळाला असं विचारलं, तेव्हा तिला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. “पोतं आमीच शिवत होतो न जी. दर वरसाले पत्ता त्याच्यावर राये.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग तिला पाणी दिलं आणि चहा ठेवला. ती खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ भिंतीला टेकून बसली. ते आता बरेच पुढे, दुसऱ्या एका गावात रान करत होते. तिथल्या मालकानं आधीच सांगितलं होतं की एका हंगामापेक्षा जास्त ठेवणार नाही. आमच्या गावची गोष्ट तिथं पोचली होती. मुलीचं नाव अजून शाळेत घातलं नव्हतं. तिनं कुणाला नावं ठेवली नाहीत, भावाला नाही की मला नाही. ती एका कामाला आली होती.

“तो कागद द्या जी. तुमी लिवला होता तो. अकरा वर्स राह्यलो त्याचा. तेवढा दाखवला तं कार्ड होईल मनते एक साहेब.”

कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मी टेबलापाशीच बसलो होतो, माझं कोपर त्याच्यावर होतं म्हटलं तरी चालेल. अकरा वर्षं, गट नंबर, माझी सही, तारीख. भावाचं आणि बाकीच्यांचं जे व्हायचं ते होवो, असं मी त्या क्षणी प्रामाणिकपणे म्हणू शकलो असतो. पण यादीत शेवटचा नंबर माझा होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता.

“तो सापडत नाही बघा,” मी म्हणालो. “पुस्तिकेच्या गडबडीत कुठं गेला.”

स्वयंपाकघरातला गाळणीचा आवाज थांबला.

ती जराशी विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला, कारण अडचण तिच्या मते अगदीच किरकोळ होती. “हरवला तं हरवला. तुमच्याच हातचं अक्षर होतं न? मंग आणखी एक लिवून द्या. मी बसतो.”

माझ्या खिशाला पेन होतं. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. गावाचा मजकूर लिहायला भावानं दिलेल्या गठ्ठ्यातलेच ते उरलेले. एका ओळीत काम झालं असतं. त्यात नंबर घालायचीही गरज नव्हती. हे मला तेव्हाच कळत होतं. नुसतं, हे लोक इथे राहत होते, एवढंच. पण राहत होते म्हटलं की काय करत होते, कुणाच्या रानात, असं कुणी विचारणार, आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत येणार.

“तसं चालत नाही,” मी म्हणालो. “ग्रामपंचायतीचा शिक्का लागतो. नुसत्या माझ्या लिहिण्याला कोण विचारतंय?”

जन्मभर लिहिलेल्या अक्षराची बाजू घेणारा मी, आणि हे वाक्य मी इतक्या सहज म्हणालो की तिचा लगेच विश्वास बसला. शिकलेला माणूस आपल्या अक्षराला कमी लेखतो म्हणजे ते खरंच असणार.

“असं हाय काय,” ती म्हणाली. तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवायला कुठे नळ दिसतो का बघितलं, बायकोनं तो हातातून घेतला. “येतो मंग,” म्हणून ती जिना उतरली.

बायको कप घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “राहतात एवढं लिहायला शिक्का लागत नाही. हे मलासुद्धा माहीत आहे.”

मी खाली वाकून खिडकीतून बघितलं असतं तर ती मंडईच्या गर्दीत शिरेपर्यंत दिसली असती, हाकही ऐकू गेली असती. मी पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं.